सौ म्हणजे शंभर

मंडळी, या शनिवारी जरा गावाकडचं लिहितो. (बायको म्हणते, दर शनिवारी तेच करतोस. असो.)

तर झालं असं, की मागच्या आठवड्यात अमरावतीहून अंबानगरी एक्स्प्रेसनं ठाण्याला परत येत होतो. बडनेरा गेलं आणि मी कानात हेडफोन खुपसून 'चेतावनी' लावला. 'स्वदेसी' नावाच्या मुंबईच्या रॅप टोळीचा हा अल्बम २०२० साली दिल्लीच्या 'आझादी रेकॉर्ड्स'नं काढला. या टोळीत हिंदी आहे, मराठी आहे, गुजराती आहे. आणि त्यात एक आवाज आमच्या अमरावतीचा आहे: सौरभ अभ्यंकर. नाव लिहितो '१००आरबीएच'. सौ म्हणजे शंभर, पुढे रभ. हे कोडं उलगडायला मला, एका कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाला, तब्बल दोन दिवस लागले होते!

आधी थोडं आझादीबद्दल. उदय कपूर आणि मो जोशी या दोघांनी २०१७ मध्ये हे लेबल सुरू केलं. आपल्याकडे गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं, आणि त्याचे हक्क मोठ्या कंपनीचे, हा जुना हिशोब. तिथे या लोकांनी वेगळंच मांडलं: ज्यानं लिहिलं त्यानंच म्हणायचं, आणि स्वतःच्या मोहल्ल्याचंच म्हणायचं. सुरुवातीलाच आला प्रभ दीपचा 'क्लास-सिख', पश्चिम दिल्लीतल्या टिळक नगरच्या गल्ल्यांमधला. संगीत सेझ ऑन द बीटचं. २०१८ मध्ये 'सीधे मौत' या जोडगोळीचा 'बयान'. २०१९ मध्ये श्रीनगरच्या अहमरचा 'लिटल किड, बिग ड्रीम्स'. काश्मिरी मला एक अक्षर कळत नाही, तरी तो अल्बम मी रात्री दिवे बंद करून ऐकलाय. माझे आवडते कोण म्हणाल तर हे तिघे, आणि चौथे स्वदेसी.

स्वदेसीची ओळख बऱ्याच जणांना नकळत झालेली असते. २०१९ च्या 'गली बॉय'मध्ये 'इंडिया ९१' नावाचं गाणं आहे, विवेक राजगोपालन यांचं. मृदंगमच्या बोलांवर रॅप. त्यात १००आरबीएच आहे, महार्या आहे, एमसी तोडफोड आहे. त्याच वर्षी स्वदेसीनं आरेतल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका रात्रीत आरेतली झाडं पडायला लागली. गाणं आधी आलं, कुऱ्हाड नंतर. त्यातला तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये गेला. वय २४. त्याचा गुजराती आवाज लागला की मी अजूनही हातातलं काम थांबवतो.

आता मूळ मुद्दा. मला वाटायचं, ही सगळी गंमत दिल्ली-मुंबईत जन्मली आणि आमच्याकडे उशिरा पोचली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ ला सुरू, मग मुंबई, मग कधीतरी अमरावती. आमच्याकडे सगळंच उशिरा पोचतं ना! (अपवाद रस्त्याचा. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तासांत टाकून गिनीजमध्ये नाव काढलं बरं का.)

पण जरा मागे जाऊन बघा. यावलीत १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज हातात एक खंजिरी घेऊन उभे राहायचे. खंजिरी म्हणजे काय, तर ताल. वर शब्द. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. गावस्वच्छतेपासून स्वातंत्र्यापर्यंत सगळं त्या भजनात, आणि १९४२ ला त्यापायी तुरुंगही झाला. गाडगेबाबा शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्यांना वऱ्हाडीत सवाल टाकायचा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचं. १९५६ साली मुंबईत बांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. एकदा ऐकाच. तो वेग, ते थांबणं, ते लोकांचं एका दमात ओरडणं. ना स्टुडिओ, ना लेबल.

आणि तिसरी वाट, जी माझ्या घरासमोरून जायची आणि मला दिसली नाही. ज्या अंबादेवीच्या नावानं आमचं शहर अंबानगरी आणि ही गाडी अंबानगरी एक्स्प्रेस, त्याच देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ ला अमरावतीत लढा उभा राहिला. नोव्हेंबरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. पुढे ती चळवळ महाराष्ट्रभर गाण्यांतून फिरली. आधी जलसे, मग वामनदादा कर्डक, मग कॅसेटी. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली. छोट्या कंपन्या निघाल्या, फुटपाथवर माल आला. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज त्या काळात घराघरात पोचला.

म्हणजे बघा: स्वतःचे शब्द, स्वतःची वस्ती, छोटी कंपनी, हातोहात विक्री. स्वतंत्र लेबल म्हणजे याहून वेगळं काय असतं?

अमरावतीत आमचं घर मुख्य रस्त्यावर. चौदा एप्रिलला समोरून मिरवणूक इर्विन चौकाकडे जायची आणि आमच्या घरात खिडक्या लावल्या जायच्या. "अभ्यास कर, गोंगाटाकडे लक्ष देऊ नको." मी लक्ष दिलं नाही. आज्ञाधारक मुलगा होतो. वीस वर्षांनी त्याच परंपरेतलं, त्याच शहरातल्या मुलाचं गाणं दिल्लीच्या एका लेबलचं, छान मुखपृष्ठ लावून माझ्या मोबाईलवर आलं, तेव्हा मी ते ऑफिसात चार जणांना ऐकवलं. "बघा, आमच्या गावचा आहे!" छाती फुगवून. १००आरबीएच आंबेडकरी विचार उघड मांडतो, जातीबद्दल तोंडावर बोलतो. मला ते धाडसी वाटलं. अरे, पण हे तर माझ्या खिडकीबाहेर दरवर्षी चालू होतं! फरक एवढाच, की तेव्हा त्यावर दिल्लीचा शिक्का नव्हता.

२०२३ मध्ये तो एमटीव्हीच्या 'हसल'मध्ये दिसला, मग तर काय, अख्ख्या अमरावतीला तो आपला वाटायला लागला. आता विपिन तातड आहे, तोही अमरावतीचाच, तोही आंबेडकरी रॅप करणारा. पण आपला वाटणं आणि ऐकून घेणं यात अंतर आहे. एप्रिल २०२३ मध्येच महाराष्ट्रात दोन मराठी रॅपरांवर राजकीय गाण्यांपायी गुन्हे दाखल झाले होते. टाळ्या आणि गुन्हा, दोन्ही एकाच वर्षात.

आता शेवटचं. गाडी अकोल्याला थांबली. माझा कॉलेजातला मित्र डबा घेऊन फलाटावर उभा होता. सांबारवडी. हा पठ्ठ्या कॉलेजात वऱ्हाडीत रॅप लिहायचा, आम्ही त्याला रॅप म्हणत नव्हतो एवढंच. गॅदरिंगला म्हटलं तेव्हा परीक्षकांनी "आधी भाषा सुधारा" म्हणून खाली बसवलं. सगळे हसले. मीही हसलो होतो, पहिल्या रांगेत बसून. त्यानंतर त्यानं स्टेजवर पाय ठेवला नाही.

खिडकीतून मी त्याला हेडफोनचा एक कान दिला. त्यानं अर्धा मिनिट ऐकलं.

"चांगलं हाय," म्हणाला. मग म्हणाला, "मीबी लिहून रायलो बे अजून. चार गाणी मोबाईलात पडून हायेत."

"काऊन नाही पाठवलीस मला?"

"तुले? तू तं हासला होता ना."

गाडी हलली. काय बोलावं सुचलं नाही, "पाठव" एवढंच ओरडलो.

भुसावळच्या आधी चारही गाणी आली. दोन ठीक, एक फसलंय, आणि एक... एक मी ठाण्यापर्यंत लावून ठेवलं होतं. त्याला तसं लिहून कळवलं, फसलेल्यासकट. तीस-एक वर्षांच्या मैत्रीत त्याचं गाणं मी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

मंडळी, आझादीचे अल्बम जरूर ऐका, नावं वर दिली आहेत. पण त्याआधी तुमच्या गावी, तुमच्या वर्गात कोण लिहायचं ते आठवा आणि त्याला एक फोन करा.

भेटू पुढच्या शनिवारी.