संपून गेलेला दूरचित्रवाणीचा तास

दूरदर्शनच्या जुन्या दिवसांच्या गप्पा निघाल्या की 'गजरा', 'चिमणराव', 'ज्ञानदीप' अशी नावे हटकून निघतात. अमुक मालिका बंद व्हायला नको होती, तमुक कार्यक्रम आणखी काही वर्षे चालायला हवा होता, अशी हळहळही व्यक्त होते. या गप्पांत एका कार्यक्रमाचे नाव क्वचितच येते. तो कोणा एका कलावंताचा नव्हता आणि त्याची वेळ रात्रीची नव्हती. तो शाळेच्या वर्गासाठी होता. आपल्या देशात शालेय दूरचित्रवाणी एकदा एका वर्षात संपली आणि दुसऱ्यांदा सुमारे तेहेतीस वर्षे रेंगाळून संपली. दोन्ही वेळा कारण पडद्यावर जे दिसत होते त्यात नव्हते. म्हणूनच हा इतिहास शिक्षकांनी पाहण्यासारखा आहे. आपला भंडारा जिल्हा त्यात आधी कुंपणाबाहेर होता, नंतर आत आला.

पहिली गोष्ट १९७५ सालची. सप्टेंबर १९६९ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात एक करार झाला. नासाचा 'एटीएस-६' हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरायला मिळणार होता. डॉ. विक्रम साराभाईंनी त्यामागे मोठी खटपट केली होती, पण प्रयोग पाहायला ते राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. मे १९७४ मध्ये उपग्रह उडाला, वर्षभर अमेरिकेच्या कामी आला आणि मग विषुववृत्तावरून सरकवत सरकवत पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणण्यात आला. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत 'साइट' या नावाने हा प्रयोग चालला. त्याचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते मराठी शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राची धुरा तेव्हा प्रा. यशपाल यांच्याकडे होती.

आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसवले गेले. रोज चार तास प्रसारण असे. सकाळचा दीड तास शाळांसाठी आणि संध्याकाळचे अडीच तास गावासाठी. काळ आणीबाणीचा होता आणि संध्याकाळच्या कार्यक्रमांत त्याची छाया होती, हेही नमूद करायला हवे.

या प्रयोगातले खरे विज्ञान गावातल्या छत्रीत होते. त्याआधी उपग्रहाचा संदेश पकडायचा तर पुणे जिल्ह्यातील आर्वीला आहे तशी सुमारे ३० मीटर व्यासाची अवाढव्य थाळी लागे. साइटमधल्या गावची छत्री फक्त ३ मीटरची होती, म्हणजे क्षेत्रफळाने शंभरपट लहान. हे जमले, कारण वजनदार काम वर ढकलले होते. एटीएस-६ ला स्वतःची ९ मीटरची छत्री होती. ती अवकाशात गेल्यावर उमलली आणि सगळी शक्ती एका अरुंद झोतात एकवटून भारताकडे पाठवू लागली. वर जितके जास्त खर्च करावे तितके खाली गावाला स्वस्त पडते, हा त्यातला हिशेब.

छत्री बनवली होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची. जाळीला भोके असताना लहरी आरपार कशा जात नाहीत, हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात जरूर विचारावा. प्रसारणाची वारंवारता ८६० मेगाहर्ट्‌झ होती. प्रकाशाच्या वेगाला तिने भागले की तरंगलांबी येते सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीचे भोक एक-दोन सेंटिमीटरचे. तरंगलांबीच्या मानाने भोक इतके लहान असले की लहरीच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे अखंड पत्राच. शिवाय जाळी हलकी, वारा तिच्यातून निघून जातो, आणि वाकडी झाली तर गावातला माणूस हाताने सरळ करू शकतो.

आता नकाशा पाहू. मध्य प्रदेशातील गावे होती रायपूर-दुर्ग भागातली, जो आज छत्तीसगडमध्ये आहे. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात गोंदियाही होते. ते वेगळे झाले १ मे १९९९ रोजी. गोंदियाहून हावडा मार्गाची गाडी पकडली की सालेकसा ओलांडून डोंगरगड, राजनांदगाव आणि दुर्ग येते. इतक्या जवळ शाळेत उपग्रहाचा पडदा लागला होता आणि अलीकडे काही नव्हते. उपग्रहाला राज्याची हद्द कळत नाही. राजस्थान, बिहार आणि आंध्र यांना कवेत घेणारा झोत मधल्या भंडाऱ्यावरही पडतच होता. तो उचलून घ्यायला छत्री मात्र नव्हती. आणि असती तरी मराठी ऐकू आली नसती. एका चित्राबरोबर दोन भाषांतला आवाज पाठवण्याची सोय उपग्रहावर होती, पण निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नसल्याने त्या आवाजांत मराठीला जागा नव्हती.

प्रयोगाचे फळ काय मिळाले? साइटच्या अभ्यासासाठी मानववंशशास्त्रज्ञ गावांत जाऊन राहिले होते. मुलांच्या भाषेत फरक पडला आणि शिक्षकाखेरीज इतर मार्गांनीही माहिती मिळवण्याकडे त्यांचा ओढा वाढला, असे दिसले. शाळेतली गळती मात्र त्यामुळे थांबली नाही. मला यात अपयश वाटत नाही. मूल शेतावर किंवा गुरांमागे का जाते याचे उत्तर पडद्याकडे असणारच नाही. दुसरे एक फळ शिक्षकांच्या पदरी पडले. दूरचित्रवाणीच्या साहाय्याने घेतलेल्या बारा-बारा दिवसांच्या दोन शिबिरांत मिळून सुमारे ४८ हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले. एवढ्या शिक्षकांना एकाच वेळी, एकाच तज्ज्ञाकडून, आपापल्या गावाजवळ बसून शिकता येणे त्या काळी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने शक्य नव्हते.

आणि ३१ जुलै १९७६ ला सगळे थांबले. उपग्रह उसना होता. तो परत सरकू लागला आणि नासाने त्याला पॅसिफिक महासागरावर नेले. थांबण्याची तारीख करारात पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. तेव्हा कोणी विश्वासघात केला असे म्हणता येणार नाही. पुढे रायपूर, गुलबर्गा, जयपूर, संबळपूर वगैरे ठिकाणी जमिनीवरचे प्रक्षेपक उभारून काही गावे पुन्हा जोडली गेली. पण प्रक्षेपकाचा पल्ला काही दहा किलोमीटरांचा. साइटच्या निम्म्याहून कमी गावांना ही दुसरी संधी मिळाली. बाकीच्या गावांत एक वर्ष चित्र आले आणि गेले.

आता दुसरी गोष्ट, जिच्यात भंडारा आहे.

उसन्या उपग्रहाचा धडा घेऊन भारताने स्वतःचा 'इन्सॅट' आखला. पहिला, इन्सॅट-१ए, एप्रिल १९८२ मध्ये उडाला. त्याचे सौर-शीड उघडलेच नाही. तोल सांभाळण्यात इंधन भराभर संपले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला सोडून द्यावे लागले. ३० ऑगस्ट १९८३ रोजी 'चॅलेंजर' यानातून गेलेला इन्सॅट-१बी मात्र नीट बसला. त्याच्या भरवशावर शालेय दूरचित्रवाणीची नवी योजना सुरू झाली. आंध्र, बिहार, गुजरात, महाराष्ट्र, ओरिसा आणि उत्तर प्रदेश ही सहा राज्ये निवडली गेली आणि प्रत्येक राज्यातील काही सलग जिल्हे घेण्यात आले. महाराष्ट्राच्या वाट्याचा गट नागपूरच्या आसपासचा होता आणि भंडारा त्यात होता. साइटच्या वेळी हद्दीबाहेर राहिलेला जिल्हा आता यादीत आला.

या योजनेचे वेळापत्रक कोणत्याही मुख्याध्यापकाला विचार करायला लावील असे होते. प्रत्येक भाषेला रोज ४५ मिनिटे. त्यात पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २० मिनिटे, नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी २० मिनिटे आणि मधली ५ मिनिटे एक वर्ग बाहेर काढून दुसरा आत बसवायला. भाषा पाच होत्या: हिंदी, मराठी, गुजराती, ओडिया आणि तेलुगू. वाहिनी एकच. पाच भाषांना ४५ मिनिटे म्हणजे पावणेचार तास, एकामागून एक. साहजिकच मराठीची वेळ मराठी शाळांच्या सोयीने ठरणे अवघड; ती रांगेतल्या जागेनुसार ठरणार. सकाळची शाळा, दुपारची शाळा, एकशिक्षकी शाळा, या सगळ्यांनी आपले तास त्या वेळेभोवती वाकवायचे. ध्वनिचित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते. प्रसारण कोणासाठी थांबत नाही. वीज गेली तर तो पाठ गेला.

कार्यक्रम तयार करायला प्रत्येक निवडलेल्या राज्यात शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था निघाली. महाराष्ट्राची संस्था १९८४ मध्ये पुण्यात सुरू झाली. तिचे नाव 'बालचित्रवाणी'. ज्यांचे प्राथमिक शिक्षण ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर झाले, त्यांना या नावाबरोबर शीर्षकाची लकेर कानात ऐकू येईल. मीही त्याच पिढीतला, भंडारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकलेला. गंमत म्हणजे हा शाळेसाठीचा कार्यक्रम मी शाळेत फार थोडा पाहिला. शेजाऱ्यांच्या कृष्णधवल संचावर, दारात उभा राहून पाहिला तो जास्त. शाळेत संच आला होता. चोरीच्या भीतीने तो कपाटात असे आणि कपाटाची किल्ली बहुतेक वेळा तालुक्याच्या बैठकीला गेलेली असे.

या संचामागेही एक योजना होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर केंद्राने प्राथमिक शाळांना रंगीत दूरचित्रवाणी संच आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर द्यायला सुरुवात केली. म्हणजे मोजून पाहा: उपग्रह अवकाश खात्याचा, प्रसारण दूरदर्शनचे, कार्यक्रम पुण्याच्या संस्थेचा, तिचा पैसा मुख्यतः केंद्राचा, संच शिक्षण खात्याच्या योजनेतला, वीज मंडळाची, खोली जिल्हा परिषदेची आणि तास शिक्षकाचा. हा साखळदंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरून ठेवणारा कोणीही नव्हता. साइटमध्ये तो होता. इस्रोचे अभियंते गावातल्या बिघडलेल्या संचापर्यंत पोचत, कारण प्रयोगाचे यश त्यांच्या नावावर जमा होणार होते. साइट संपली ती उपग्रह परका होता म्हणून. बालचित्रवाणीच्या वेळी उपग्रह आपला होता, स्टुडिओ आपला होता, भाषा आपली होती. मधल्या कड्या मात्र एकमेकींना ओळखत नव्हत्या.

कार्यक्रमांचा दर्जा सारखा नव्हता, हेही खरे. काही पाठ म्हणजे फळ्यासमोरचा शिक्षक तेवढा कॅमेऱ्यासमोर आणलेला असे. पण काही हजार कार्यक्रमांत असे होणारच, आणि खासगी वाहिन्यांच्या गर्दीत मराठी मुलांसाठी, पाठ्यपुस्तकाला धरून, सातत्याने चित्रीकरण करणारी दुसरी संस्था राज्यात नव्हती. पुढे केंद्राचे अनुदान आटले. राज्याने तो भार पूर्णपणे उचलला नाही. कर्मचाऱ्यांचे पगार थकले, नवी निर्मिती मंदावली. अखेर २०१७ मध्ये राज्य शासनाने बालचित्रवाणी बंद केली आणि तिच्या जागी बालभारतीची 'ई-बालभारती' आली. काळ बदलला होता, फोनवर चित्रफिती दिसू लागल्या होत्या, म्हणून हा निर्णय अनेकांना स्वाभाविक वाटला.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे शाळा बंद झाल्या. प्रत्येक घरात स्मार्टफोन नाही, असला तरी तो वडिलांबरोबर कामावर जातो, आणि जंगलपट्टीतल्या गावांत फोनला रेंज नाही, हे दोन महिन्यांत सर्वांना कळून चुकले. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेचे ६० भाग, एकूण ४८०. एमकेसीएलच्या मंडळींनी ते अल्पावधीत उभे केले, हे कौतुकाचे आहे. पण ज्या राज्यात तीनच वर्षांपूर्वी हेच काम करणारी संस्था होती, तिथे ते पहिल्यापासून उभे करावे लागले.

आता थोडे शिक्षकांकडून हवे आहे. साइटचे मूल्यमापन छापले गेले, त्यावर ग्रंथ निघाले. भंडारा जिल्ह्यातील शाळांत इन्सॅटचा तास प्रत्यक्ष कसा चालला याची नोंद मात्र कागदावर असेल तर शाळांमध्येच असेल. आपल्या शाळेचे जुने डेडस्टॉक रजिस्टर काढून पाहावे. दूरचित्रवाणी संच कोणत्या तारखेला जमा झाला, कोणत्या तारखेला निर्लेखित झाला, मधल्या काळात दुरुस्तीचा खर्च पडला का, एवढे उतरवून घ्यावे. लॉगबुकात, शेरेबुकात कार्यक्रमाचा उल्लेख असेल तर तोही. त्या काळी शिकवणारे गुरुजी आणि बाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना विद्यार्थ्यांनी जाऊन विचारावे.

आणि कुठे गच्चीवर किंवा आवारात जाळीच्या छत्रीचा सांगाडा उभा असेल, तर भंगारात देण्यापूर्वी कोनमापक आणि ओळंबा घेऊन तिचा कल मोजावा. इन्सॅट-१बी ७४ अंश पूर्व रेखांशावर होता. भंडाऱ्याहून त्याच्याकडे रोखलेल्या छत्रीचा अक्ष क्षितिजाशी सुमारे ६४ अंशांचा कोन करील आणि दक्षिणेपासून सुमारे १५ अंश पश्चिमेकडे झुकलेला असेल. साइटची छत्री भंडाऱ्यात असती तर ती बरीच आडवी, जवळजवळ पश्चिमेकडे तोंड करून, क्षितिजापासून ३३-३४ अंशांवर पाहत राहिली असती. दोन्ही आकडे अक्षांश, रेखांश आणि पृथ्वीच्या त्रिज्येवरून दहावीच्या पुढचे विद्यार्थी स्वतः काढू शकतात. भूस्थिर कक्षेची उंची ३५,७८६ किलोमीटर धरावी.