ॲम्प्लिफायर गरम होतोय? आधी त्याला हवा कुठून मिळते ते बघा

गेल्या गणपतीत पोलादपूरजवळच्या आमच्या घरी भजनं चालू असताना स्पीकर अचानक गप्प झाले. रिसीव्हरवर लाल दिवा लुकलुकत होता. "गेला वाटतं," काका म्हणाले. गेला नव्हता. सजावटीत दिसू नये म्हणून आम्ही तो मखराच्या टेबलाखाली, चारी बाजूंनी सोडलेल्या कापडामागे ठेवला होता आणि सकाळपासून तो चालूच होता. कापड वर केलं, अर्धा तास थांबलो, परत चालू झाला. तुमच्याकडेही असं होत असेल, तर रिपेअरवाल्याकडे नेण्याआधी हे वाचा.

उष्णता येते कुठून?

ॲम्प सॉकेटमधून जेवढी वीज घेतो तेवढी सगळी स्पीकरला देत नाही. घरातल्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये 'क्लास एबी' प्रकारचं सर्किट असतं. त्याची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि तीही पूर्ण ताकदीने चालताना. घरच्या नेहमीच्या आवाजाला ती खूपच कमी असते, कारण गाणं थांबलं तरी ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट वाहतच राहतो. समजा, रिसीव्हर ५० वॅट घेतोय आणि स्पीकरला ५ वॅट जातायत. उरलेले ४५ वॅट म्हणजे निव्वळ उष्णता. शोकेसमध्ये जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब दिवसभर पेटता ठेवल्यासारखंच हे आहे.

ब्लूटूथ स्पीकर आणि साउंडबारमध्ये बहुतेक वेळा 'क्लास डी' सर्किट असतं. ते ९० टक्क्यांपर्यंत कार्यक्षम असतं, म्हणून ते इतके तापत नाहीत.

महाड-पोलादपुरात जास्त काळजी का?

ॲम्प नेहमी खोलीच्या तापमानापेक्षा काही अंश जास्त तापतो. हा फरक आतमध्ये ३० अंशांचा धरू. एसी लावलेल्या २५ अंशांच्या खोलीत आतलं तापमान ५५ होईल. आपल्याकडे समुद्राचा वारा नीट पोचत नाही, उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो. याच रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्यात २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. ४० अंशांच्या खोलीत तोच ॲम्प ७० वर जाणार. काचेच्या बंद शोकेसमध्ये अजून १५ अंश चढले की ८५.

आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य अर्धं होतं. म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू हळूहळू, काही न सांगता खराब होत जाते.

पावसाळ्यात वेगळीच गंमत. दमट हवेपासून वाचवायला आपण प्लास्टिक घालतो आणि ते तसंच ठेवून ॲम्प चालू करतो. ओल आत अडकते आणि उष्णताही.

बंद कसा पडतो, ते बघा

- वीस-पंचवीस मिनिटं चालून बंद पडतो आणि गार झाल्यावर परत चालतो: बहुतेक वेळा उष्णता. आतलं संरक्षण सर्किट आपलं काम करतंय.
- चालू करताच बंद पडतो: स्पीकरच्या वायरी एकमेकींना कुठे चिकटल्यात का ते प्लग काढून तपासा.
- फक्त आवाज वाढवल्यावर बंद पडतो: स्पीकर जास्त जोडलेत का बघा. सणाला पडवीत आवाज जावा म्हणून एकाच जोडणीवर ८ ओमचा दुसरा स्पीकर लावला, की ॲम्पला दोन्ही मिळून ४ ओम दिसतात. तेवढ्याच आवाजाच्या खुणेवर करंट जवळपास दुप्पट होतो, आणि उष्णताही वाढते.
- जळका वास आला: प्लग काढा आणि परत चालू करून बघू नका.

काय करायचं?

१. कंपनीच्या पुस्तिकेत किती जागा सोडायची ते दिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर वर निदान १५ सेंटीमीटर आणि बाजूंना, मागे १० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा.

२. गरम हवा वर जाते. त्यामुळे शोकेसला खालून हवा आत यायला आणि वरून बाहेर जायला, अशा दोन्ही वाटा हव्यात. नुसतं समोरचं दार उघडं ठेवून मागची फळी बंद असेल, तर फायदा कमी.

३. ॲम्पवर सेट-टॉप बॉक्स, राउटर किंवा विणलेला रुमाल ठेवू नका. वरच्या जाळीतूनच तो श्वास घेतो.

४. जागाच नसेल तर ५ व्होल्टचा छोटा यूएसबी पंखा घ्या. तो फोनच्या जुन्या चार्जरवर चालतो. शोकेसच्या मागे, वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकेल असा लावा.

५. दोन महिन्यांतून एकदा प्लग काढून जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडा. मुंग्या, पाली जातात म्हणून जाळीला चिकटपट्टी लावू नका.

६. झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज काही वेळ शिल्लक राहू शकतो.

पाच सेकंदांची चाचणी

तासभर गाणी वाजवल्यावर ॲम्पच्या वरच्या पत्र्याला आधी बोटाने हलकेच स्पर्श करा. सहन झालं तर तळवा ठेवा. पाच सेकंद सहज ठेवता आला तर ठीक. झटकन काढावा लागला, तर पत्राच ५५-६० अंशांच्या आसपास आहे आणि आतले भाग त्याहून गरम.

फोन तापला की स्क्रीनवर सूचना येते, तो स्वतःच वेग कमी करतो. साध्या ॲम्पमध्ये तसं काही नसतं. तो वाजत राहतो, नाहीतर एकदम बंद पडतो. संरक्षण सर्किट शेवटचा उपाय आहे, रोज त्याच्या भरवशावर राहू नका. या वर्षी आमचा रिसीव्हर मखराच्या शेजारी उघड्या स्टुलावर असणार आहे. सजावटीत थोडा डोळ्यांत खुपेल, पण भजन पूर्ण होईल.