चिंध्यांचा हिशेब

नऊ तुकडे घ्या. साडेचार इंचाचे, चौकोनी. पाच गडद, चार फिके. गडद, फिका, गडद अशी एक ओळ शिवा. तिच्याखाली फिका, गडद, फिका. मग परत पहिल्यासारखी. पाव-पाव इंच शिवणीत गेलं की बारा इंचांची एक चौकट होते. अशा बारा चौकटी, तीन आडव्या नि चार उभ्या, जोडल्या की तीन फूट बाय चार फुटांचा वरचा थर झाला. खाली धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं, मधे आणखी एखादं विटकं कापड, आणि तिन्ही थरांतून धावदोरा. कडेपासून सुरुवात करायची नि फिरत फिरत मधे यायचं. झालं दुपटं. तान्ह्या पोराला पुरतं.

तुकडे मोजले तर भरतात १०८. हा आकडा भटाच्या जपमाळेत येतो तसा आमच्या आयांच्या दुपट्यातही येऊ शकतो. पण माळ ओढून कुणाची थंडी गेल्याचं ऐकिवात नाही.

ही कृती शिवणकामाच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. पुस्तकात मिळत नाही ते असं, की हे तुकडे आले कुठून? आणि ते एवढे लहान का?

नव्या तागातून चौकोन कापणारीला हा प्रश्नच पडत नाही. अंगावरचं कापड फाडून तुकडे काढणारीला पडतो. राबणाऱ्याचं कापड सगळीकडून सारखं झिजत नाही. लुगडं जातं बसायच्या जागी. विजार जाते गुडघ्यावर, सदरा जातो खांद्यावर नि कोपरावर. शाबूत राहतो तो काठाजवळचा पट्टा, पोटरीमागचा भाग, खिशाखालचा चौकोन. म्हणजे तुकड्याचं माप शिवणारीनं ठरवलेलंच नसतं, ते कष्टानं ठरवलेलं असतं. तिच्या हातात राहतं ते एवढंच, की कोणता तुकडा कुणाच्या शेजारी बसवायचा. पण त्या ‘एवढ्यात’ तिनं काय काय केलं, तो खरा इतिहास आहे. आपल्याकडं वस्त्रांचा इतिहास म्हटला की पैठणी, शालू, ढाक्याची मलमल. चिंधीचा इतिहास कुणी लिहायचा?

चिंधीचा कायदा मात्र फार पूर्वी लिहून ठेवला गेलाय. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय नेसावं ते सांगितलंय: मेलेल्यांची वस्त्रं. भांडी फुटकी, दागिने लोखंडाचे, वस्ती गावाबाहेर. कुणी म्हणेल, हे पोथीतलं, प्रत्यक्षात कोण पाळत होतं? तर महारकीच्या हक्कांची यादी बघा. मढ्यावरचं कापड हा तिथं ‘हक्क’ म्हणून येतो! गावानं द्यायचं, महारानं घ्यायचं, आणि त्याला मान समजायचं. गुलामीला हक्काचं नाव देण्यात आपली व्यवस्था मोठी हुशार.

या कापडाबरोबरच सणावाराला ओट्यावरून लांबून टाकलेली जुनेरी. त्यातनं आयाबाया नेसायचं काढत. दोन लुगड्यांचे जीर्ण भाग काढून टाकायचे, धड भाग एकमेकांना जोडायचे, त्याला म्हणतात दंड घालणं. दंड घातलेलं लुगडंही विरलं की मग त्याची वाकळ. वाकळीचे थर उसवले तर खालून आणखी जुनी वाकळ निघते. नवीन वरून चढत जाते, जुनी आत राहते.

१९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली, आणि त्याच परिषदेत जमलेल्या बायांशी ते कपड्यांवर बोलले. आपली ओळख पटवणारं लुगड्याचं नेसणं सोडा, अंगावरच्या कथलाचांदीचा भार कमी करा, कपडा फाटका असला तरी स्वच्छ असू द्या. पुढारी लोकांना हा विषय किरकोळ वाटतो. मला तो मनुस्मृतीदहनाचाच दुसरा अर्धा भाग वाटतो. पोथी जाळली तरी पोथीतला नियम अंगावर नेसलेलाच होता, तो बायांनीच फेडायचा होता.

आता एक गोष्ट आपल्याच मंडळींना सांगायची आहे. अलीकडं व्याख्यानांत ऐकू येतं, की आमची गोधडी म्हणजे भिक्खूचं चीवरच. टाळ्या पडतात. यात किती तथ्य आहे? विनयपिटकाच्या महावग्गात चीवराची हकीकत आहे. मगधातून दक्खिणागिरीकडं जाताना बुद्धांनी भातखाचरं पाहिली. बांध घातलेली, आडवीउभी, चौकटीचौकटींची. त्यांनी आनंदाला विचारलं, अशा बेताचं चीवर करता येईल का? आनंदानं कापड कापून, तुकडे जोडून तसं चीवर केलं. तुकड्यांच्या शिवणकामाचा एवढा जुना, एवढा स्पष्ट उल्लेख क्वचित सापडतो. कापड मुद्दाम कापायचं, कारण कापलेल्या कापडाला बाजारात किंमत राहत नाही, त्यावर कुणाचा डोळा जात नाही. सुरुवातीला हे कापडही उकिरड्यावरचं नि मसणवट्यातलंच असे. पांसुकूल त्याचं नाव.

म्हणजे मसणवट्यातलं कापड दोन्हीकडं आहे. पण मनूनं ते एकाच्या अंगावर लादलं, तर संघात शाक्यांच्या राजघराण्यातले आणि न्हावी उपाली एकाच तऱ्हेच्या तुकड्यांत वावरले. फरक कापडात नाही, सक्तीत आहे. आणि म्हणूनच आमच्या आयांच्या वाकळीला चीवर म्हणू नये. भिक्खूनं धड वस्त्र सोडून तुकडे पत्करले होते. आईकडं सोडायला धड वस्त्र होतं कुठं?

तसाच राग पांढरपेशांच्या ‘आजीच्या गोधडीची ऊब’ या प्रकाराचा येतो. ऊब होतीच, कोण नाही म्हणतो? पण त्या उबेत लांबून टाकलेल्या कापडाची फेक दिसत नाही, रात्री चिमणीच्या उजेडात टोचलेली बोटं दिसत नाहीत. आता तर शहरातल्या दुकानांत हस्तकला म्हणून गोधड्या टांगलेल्या असतात. किमतीची चिठ्ठी असते, शिवणारीचं नाव क्वचित.

तुकड्यांचं हे काम गुलामीतून आलेल्या आणखी लोकांनी केलंय. अगदी शेजारी बघा. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून धरून गोव्यात आणलेले गुलाम पळून घाटावरच्या रानात गेले. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडं सिद्दींच्या वस्त्या आहेत, त्यांच्या पूर्वजांत हे पळालेले गुलाम होते. सिद्दी बायांच्या गोधडीला कवंद म्हणतात. तीही कडेपासून आत शिवत जातात, आणि चारी कोपऱ्यांवर रंगीत तुकड्यांच्या थरांची ‘फुलं’ बसवतात. त्याशिवाय कवंद नागडी समजली जाते. ज्यांना जगानं नागडं केलं, त्यांनी गोधडीला नागडं ठेवायचं नाही असं ठरवलेलं दिसतं.

आणि समुद्रापलीकडं अमेरिका. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकले, १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली. १९७२ साली मुंबईच्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतलं. नाव घेतलं, आवेश घेतला, कविता वाचल्या. पण तिथल्या बायांनी काय केलं ते इकडं फारसं आलंच नाही.

हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जियातली बाई १८३७ साली गुलाम म्हणून जन्मली. तिनं चौकटी पाडून त्यांत कापडी आकृत्या शिवल्या, बायबलातल्या गोष्टी. १८८६ साली अथेन्स गावच्या कापसाच्या जत्रेत ती गोधडी मांडली होती. एका गोऱ्या चित्रकला शिक्षिकेनं विकत मागितली. हॅरिएट नाही म्हणाली. पुढं हात तंग झाला, १८९१ साली तिनं स्वतःच दहा डॉलरला देऊ केली. मिळाले पाच. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. अलाबामा राज्यात विल्कॉक्स नावाचा जिल्हा आहे. तिथं नदीच्या वळणात जीझ बेंड हे गाव. १८१६ साली जोसेफ जी नावाच्या मळेवाल्यानं कापसाचा मळा घातला म्हणून हे नाव. पुढं मळा मार्क पेटवे याच्याकडं गेला, आणि त्यानं शंभरेक गुलाम नॉर्थ कॅरोलायनाहून पायी चालवत आणले. मालकाचं आडनाव गुलामांना चिकटलं, आजही गावात पुष्कळ पेटवेच. गुलामी गेली, पण सावकारी राहिली. १९३२ साली सावकार मेला आणि त्याच्या बायकोनं साठेक कुटुंबांची वसुली एकदम काढली. जनावरं, अवजारं, घरातलं धान्यसुद्धा गाड्या भरभरून नेलं.

या गावच्या बाया गोधड्या शिवत. खतांची, पिठाची, साखरेची पोती अस्तराला. कापूस जिनिंगच्या जमिनीवरून झाडून आणलेला, काठीनं बडवून साफ केलेला. चौकटी अगदी सोप्या. नऊ तुकड्यांची एक. विटांच्या थरासारखी एक. आणि मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांमागून पट्ट्या लावत नेलेली ‘हाऊसटॉप’, म्हणजे घराचं छप्पर वरून पाहिल्यासारखं. नियम ठाऊक, पण कापड संपलं की नियम तिथंच वाकायचा. मधेच लाल पट्टी यायची, कारण निळी उरलीच नाही. पुढं न्यूयॉर्कच्या समीक्षकांना त्यात आधुनिक चित्रकला दिसली.

त्यांतली एक गोधडी सांगण्यासारखी आहे. मिसूरी पेटवे हिनं ती १९४२ च्या सुमाराला शिवली, नवरा वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची. विटलेले गुडघे, मातीचे डाग, सगळं तसंच ठेवून. त्याची आठवण पांघरून झोपता यावं म्हणून. मेलेल्या माणसाचं कापड. मनू ज्याला हलकटपणाची खूण करतो, तेच कापड, पण इथं मेलेला तिचा होता आणि कापड कुणी फेकलेलं नव्हतं.

१९३० च्या दशकाच्या शेवटी केंद्र सरकारनं या वळणातली जमीन घेतली आणि १९४० च्या दशकात कुळांना विकत दिली. हा तपशील लक्षात ठेवा. जिल्ह्यात काळ्यांची बहुसंख्या, पण १९६५ पूर्वी मतदारयादीत काळं नाव नाही. चळवळ सुरू झाली तशी १९६२ साली गोऱ्यांनी गावची नदीवरची तर बंद केली. कचेरीचं गाव समोरच्या काठावर दिसायचं, आणि जायला चाळीसेक मैलांचा वळसा. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग गावात येऊन गेले. (आपल्याकडं त्याच हिवाळ्यात दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह चालू होता. ६ डिसेंबर १९६४ पासून हजारोंनी तुरुंग भरले. दोन्हीकडं प्रश्न एकच, पायाखालची जमीन कुणाची?) जीझ बेंडचे लोक मत नोंदवायला गेले तरी त्यांना जमिनीवरून कुणी हाकलू शकत नव्हतं. आसपासच्या मळ्यांवरच्या कुळांना मात्र हाकललं गेलं.

अशा छळाच्या नोंदी घेत फ्रान्सिस वॉल्टर नावाचा पाद्री १९६५ च्या डिसेंबरात फिरत होता. दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या त्याला दिसल्या. त्यानं दहा-दहा डॉलरला काही घेतल्या नि न्यूयॉर्कात लिलाव केला. १९६६ च्या मार्चमध्ये साठेक बायांनी सहकारी संस्था काढली, फ्रीडम क्विल्टिंग बी. एस्टेल विदरस्पून हिनं तिचा कारभार पुढं अनेक वर्षं सांभाळला. आलेल्या पैशातून संस्थेनं २३ एकर जमीन घेतली. १९६९ साली शिवणाची इमारत उभी केली. आणि त्या जमिनीतले काही तुकडे मतासाठी बेघर झालेल्या कुटुंबांना घरासाठी विकले.

मला या सगळ्या प्रकरणात हेच मोठं वाटतं. कापडाचे तुकडे जोडून त्यांनी जमिनीचे तुकडे मिळवले.

पण त्याचीही किंमत पडली. मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या तसं सगळ्या नगांचं माप एक, रंग ठरलेले, टाके मोजलेले. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीचं उशांच्या कॉर्डरॉयच्या अभ्र्यांचं काम आलं. पगार नियमित झाला, स्वतःचं डोकं घरी ठेवून यायचं. तरी बाया तिथलं उरलेलं कॉर्डरॉय घरी नेत, आणि रात्री आपल्या मनासारख्या चौकटी शिवत. पगारासाठी एक नि आपल्यासाठी एक. ही तडजोड झाली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी दुसरा रोजगार आधी दाखवावा.

एक इशारा आपल्या व्याख्यात्यांसाठी. गुलाम पळून जाताना गोधड्यांच्या चौकटींतून गुप्त खुणा देत, ही गोष्ट १९९९ च्या एका पुस्तकानं गाजवली. इतिहासकारांना तिला पुरावा मिळाला नाही. गोष्ट गोड आहे, भाषणात रंगते. पण २३ एकरांचा कागद हातात असताना दंतकथा कशाला?

२००२ पासून या गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या. नाव झालं, तसे हिशेबाचे प्रश्नही उठले. २००७ साली गावच्या काही बायांनी आपल्या मोबदल्यासाठी संग्राहकांवर कोर्टात दावे लावले, पुढच्या वर्षी ते मिटले. क्विल्टिंग बी २०१२ साली बंद झाली.

२००६ च्या ऑगस्टात अमेरिकेच्या टपाल खात्यानं जीझ बेंडच्या दहा गोधड्यांची तिकिटं काढली. नदीवरची तर पुन्हा सुरू झाली तीही त्याच वर्षी, ४४ वर्षांनी.