वेदनाशामके आणि शस्त्रक्रियेनंतरचा मलावरोध

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी येतो तेव्हा घरच्यांचे सगळे लक्ष टाके, सूज आणि चालणे याकडे असते. पोट साफ होते की नाही, हा प्रश्न चौथ्या-पाचव्या दिवशी निघतो आणि तोवर मळाचे खडे झालेले असतात. हा त्रास कशाने होतो, केव्हा सुरू होतो आणि कशाने हटतो हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. तरीही तो घरोघरी होतो. वेदनाशामक ज्या दिवशी सुरू झाले त्याच दिवशी सारक औषध सुरू होत नाही, हे त्याचे मुख्य कारण.

सगळीच वेदनाशामके पोट बांधत नाहीत. पॅरासिटामॉलने मलावरोध सहसा होत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचा मुख्य धोका जठराला आणि मूत्रपिंडाला असतो. आतड्यांची गती खरी मंदावतात ती अफूवर्गीय औषधे: मॉर्फीन, कोडीन, फेंटानिल, टॅपेंटाडॉल आणि आपल्याकडे सर्रास दिले जाणारे ट्रामाडॉल. टॅपेंटाडॉलने हा त्रास तुलनेने कमी होतो, पण होतो. ट्रामाडॉल पुष्कळदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत असते. घरचे तिला दुखण्याची साधी गोळी समजतात आणि तिचा पोटाशी संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. गोळीच्या पट्टीवरची बारीक अक्षरे एकदा वाचून घेतली, तर अर्धा उलगडा तिथेच होतो.

वेदना शमवणारे औषध आतड्यावर का परिणाम करते, हे समजून घेतल्याशिवाय उपाय नीट निवडता येत नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंची स्वतःची जाळी असते. अफूवर्गीय औषधे मेंदूत आणि मज्जारज्जूत ज्या 'म्यू' ग्राहकांना चिकटून वेदना कमी करतात, तेच ग्राहक या जाळीतही असतात. तिथे औषध पोहोचले की स्नायूंना आकुंचनाची सूचना देणारी रसायने कमी स्रवतात. अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा मंदावतात. आतडे जागच्या जागी आवळत राहते, पण माल पुढे सरकत नाही. आतड्यात पाझरणारे पाणी घटते, आणि मळ मोठ्या आतड्यात जास्त वेळ रेंगाळल्यामुळे आहे ते पाणीही शोषले जाते. शिवाय गुदद्वाराचा आवळणारा स्नायू नीट सैल पडत नाही. म्हणजे गती, ओलावा आणि वाट या तिन्ही गोष्टी एकदमच बिघडतात. लहान आतड्यात रोज सुमारे आठ-नऊ लिटर द्रव येतो आणि मळावाटे त्यातले जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडते. एवढ्या नाजूक हिशेबात थोडी जरी गती कमी झाली, तरी मळ कोरडा पडायला वेळ लागत नाही.

अफूचा हा गुण वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होता. आयुर्वेदात अहिफेन (अफू) ग्राही, म्हणजे मळ बांधणारे, मानून अतिसारावरच्या कल्पांत घातले जाई. आज जुलाब थांबवायला आपण घेतो ते लोपेरामाइडही अफूवर्गीयच आहे. ते मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून गुंगी न आणता केवळ आतडे मंद करते. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाला आपण नकळत जुलाबविरोधी औषधच देत असतो.

यात आणखी एक बाब निर्णायक आहे. या औषधांनी येणारी मळमळ आणि गुंगी काही दिवसांत सहसा ओसरते, कारण शरीराला त्यांची सवय होते. मलावरोधाची सवय मात्र जवळपास होतच नाही. 'दोन दिवस थांबा, आपोआप होईल' हा सल्ला म्हणूनच इथे चुकीचा ठरतो. त्यात भर पडते ती अंथरुणावर पडून राहण्याची, तुटपुंज्या जेवणाची, उलटीसाठी दिलेल्या ओंडान्सेट्रॉनची, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तर आतडी काही काळ स्वस्थच असतात. मोठे आतडे पूर्वपदावर यायला साधारण दोन ते तीन दिवस घेते. आणि पुष्कळ रुग्ण मुद्दाम पाणी कमी पितात, कारण प्रत्येक वेळी लघवीला उठायचे म्हणजे कुणाला तरी हाक मारायची. ही भीड समजून घरच्यांनी स्वतःहून पाणी पुढे करायला हवे. अर्थात, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर डॉक्टरांनी ठरवून दिले तेवढेच.

आता उपायाकडे येऊ. अशा वेळी घरात पहिला डबा उघडला जातो तो इसबगोलाचा. एरवीच्या बद्धकोष्ठात इसबगोल उत्तम आहे, यात वाद नाही. तो पाणी शोषून फुगतो, मळाचा आकार वाढवतो, आणि त्या ताणाने आतडे आकुंचन पावते. पण औषधाने आतड्याची ढकलण्याची शक्तीच दबली असेल, तर फुगलेला लगदा पुढे सरकत नाही. पाणी कमी पडले की तोच अडकून बसतो. कोंडा आणि सालीसकट कच्ची कडधान्ये यांचा मारा करण्यालाही हीच अडचण आहे. पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, भाजी घातलेली मुगाची खिचडी, ताक हे चालेल, पण आहाराला औषधाची जागा देऊ नये.

इथे गरज आहे ती आतड्याला चालना देणाऱ्या सारकाची. सोनामुखी, बिसाकोडिल आणि सोडियम पिकोसल्फेट ही त्यातली नेहमीची. रात्री घेतली की सहा ते बारा तासांत, म्हणजे सकाळी परिणाम दिसतो. बिसाकोडिलची गोळी दुधाबरोबर घेऊ नये. तिच्यावरचे आवरण आतड्यात विरघळण्यासाठी असते, दुधाने ते जठरातच सुटते आणि पोटात कळा येतात. आपल्याकडे गोळी दुधाबरोबर देण्याची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगायचे. दुसरा प्रकार मळात पाणी धरून ठेवणाऱ्या औषधांचा: पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोजचे सिरप. यांना एक ते तीन दिवस लागतात, आणि लॅक्ट्युलोजने पोट फुगू शकते. चालना देणारे आणि पाणी धरणारे असे दोन्ही एकत्र द्यायचे का, हे डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियमची पातळ औषधे आणि फॉस्फेटचा एनिमा मनाने वापरू नये. एरंडेल जालीम आहे. पोटावर ताजे टाके असताना त्याच्या कळा परवडत नाहीत. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर कोणतेही सारक शल्यविशारदाला विचारूनच.

नेहमीची सारके पुरी पडली नाहीत तर अफूवर्गीय औषधाचा परिणाम केवळ आतड्यात रोखणारी औषधे आहेत. मेथिलनाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत 2008 मध्ये मान्यता मिळाली. ते मेंदूत पोहोचत नसल्याने वेदनाशमन कायम राहते.

औषधाइतकेच वेळेला महत्त्व आहे. खाल्ल्यावर मोठे आतडे जागे होते, म्हणून सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासात, कळ नसली तरी, दहा मिनिटे कमोडवर बसावे, कुंथू नये. कुंथण्याने हर्नियाच्या टाक्यांवर ताण येतो, मूळव्याध चिडते. पायाखाली छोटे स्टूल घेतले की गुडघे वर येतात आणि गुदाशयाची वाट सरळ होते. मात्र खुबा बदललेल्यांनी हे करू नये. गुडघा खुब्याच्या वर नेण्याला त्यांना बहुधा मनाई असते.

दोन धोके ओळखता आले पाहिजेत. कित्येक दिवस शौच नाही आणि एकाएकी पाण्यासारखे थोडे थोडे होऊ लागले, तर तो जुलाब नसून अडकलेल्या खड्याच्या बाजूने झिरपणारे पाणी असू शकते. सारक बंद करण्याऐवजी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आणि पोट फुगून कडक झाले, उलट्या होऊ लागल्या, वायूही सरेनासा झाला, तर आतड्याला अडथळा असण्याची शक्यता असते. तेव्हा सारक न देता तडक रुग्णालय गाठावे.

त्रासाला कंटाळून वेदनाशामकच बंद करण्याचा मार्ग बरा नाही. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, चालत नाही, आणि न चालण्याने आतडी आणखी मंदावतात. डॉक्टरांशी बोलून पॅरासिटामॉलसारख्या औषधांच्या आधाराने अफूवर्गीय गोळी कमी करत आणावी. पॅरासिटामॉल मोजताना जोडगोळीतलेही धरावे. ट्रामाडॉल बंद झाल्यावर बहुतेकांचे पोट काही दिवसांत पूर्ववत होते. तोपर्यंत सारक चालू ठेवावे, आणि ते आधीपासूनच चालू असावे यासाठी रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन विचारावे: यात अफूवर्गीय गोळी कोणती, आणि तिच्याबरोबरचे सारक कुठे लिहिले आहे? लिहिलेले नसेल, तर तिथेच लिहून घ्या.