आईसाठी लिहिलेली गीताई



भक्तामर आपल्यापैकी अनेकींना तोंडपाठ आहे. ४८ श्लोक न अडखळता म्हणतो आपण. पण लेकीने मध्येच विचारले, "आई, या ओळीचा अर्थ काय गं?" तर? माझ्या लेकीने विचारले तेव्हा मी पुस्तक उघडून तिला सांगितला. तेव्हापासून आमच्या वर्ध्यातच रचलेल्या एका ग्रंथाबद्दल लिहायचे मनात होते. तो आपल्या धर्माचा नाही, पण त्याच्या मुळाशी असाच एका आईचा प्रश्न आहे.

विनोबा भावे यांचा जन्म १८९५ चा, कोकणातल्या गागोदे गावचा. पुढे कुटुंब बडोद्याला गेले. त्यांच्या आई रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण भजने कितीतरी पाठ. त्या गीतेच्या प्रवचनाला जात, संस्कृत मात्र कळत नसे. त्यांनी विन्याकडे मराठी गीता मागितली. त्याने गद्य भाषांतर आणले, तर त्यांना पद्य हवे होते, म्हणता येईल असे. मग वामन पंडितांची समश्लोकी आणली, तीही जड वाटली. यापेक्षा सोपी नाही, असे मुलाने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग तूच का करत नाहीस?

त्या वेळी विनोबा कविता करत, आणि पूर्ण झाली की अग्नीला अर्पण करत. काशीला गेल्यावर गंगेत सोडत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेल्या. त्यांचे मागणे तसेच राहिले.

१९२१ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा वर्ध्याच्या आश्रमात आले. इथेच ७ ऑक्टोबर १९३० ला त्यांनी मराठी गीता लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पूर्ण केली. श्लोकाला श्लोक, सगळे ७००, चार महिन्यांत. मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. छापण्याआधी त्यांनी ती आश्रमातल्या एका लहान मुलीला शिकवली. ती जिथे अडली, तिथे शब्द बदलले. परीक्षक पंडित नव्हता, मुलगी होती! १९३२ मध्ये पुस्तक आले तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. नाव ठेवले 'गीताई'. त्यात गीताही आहे आणि आईही.

वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे. तिथे मूर्ती नाही, वर छत नाही. उघड्या आभाळाखाली शिळा उभ्या आहेत आणि त्यांवर हे श्लोक कोरले आहेत. चालत चालत वाचायचे.

आता आपल्या घरची गोष्ट. सगळ्या पंथांना मान्य होईल असा जैन धर्माचा एक ग्रंथ असावा, असा आग्रह याच विनोबांनी धरला. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात जिनेंद्र वर्णीजींनी गाथांचे संकलन केले. नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्लीत चारही आम्नायांचे मुनी आणि विद्वान एकत्र बसले आणि ७५६ गाथांचे 'समणसुत्तं' सिद्ध झाले. प्राकृत गाथा, सोबत संस्कृत छाया आणि हिंदी अर्थ. कळावे, ही तीच तळमळ.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. आपल्याकडच्या अनेकांना त्यात संथाराच दिसला. १५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. तो दिवाळीचा दिवस होता, आपल्या महावीरांच्या निर्वाणाचा.

सख्यांनो, आपले आगम प्राकृतात आहेत, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या बोलीत. कळावे म्हणूनच ते तसे आहेत ना? मग आपण नुसते पाठ करून का थांबायचे? पाठांतर सोडा असे मी म्हणत नाही, त्या नादातही मन स्थिर होते. पण अर्थ न कळता मुली फार काळ म्हणत राहणार नाहीत, हे आपण घरोघरी पाहतोच आहोत.

या चातुर्मासात महिला मंडळात एवढे करून बघा. आठवड्याला एकच श्लोक घ्या. त्याचा अर्थ आपल्या घरच्या मराठीत सांगा, आणि बरोबर उतरला की नाही ते मंडळातल्या सगळ्यात लहान मुलीला विचारा. ती अडली, तर शब्द आपण बदलायचा.