शहरजादची हजार पुस्तकं

मुलांसाठी परीकथांची नवी रूपं बाजारात आली की एक तक्रार हमखास ऐकू येते. राजकन्या ड्रॅगनला हरवते, राजपुत्राला सोडवते आणि वर त्याच्याशी लग्नही करत नाही, ही कसली परीकथा? कॅनडातले लेखक रॉबर्ट मन्श यांच्या ‘द पेपर बॅग प्रिन्सेस’ या 1980 सालच्या पुस्तकाचं कथानक साधारण असंच आहे. आज लहान मुलांसाठी अशी पुस्तकं ढिगाने निघतात. तक्रारदार म्हणतात, स्त्रीवाद्यांनी जुन्या गोष्टींची मोडतोड केली. आमच्या मुस्लिम मोहल्ल्यांत त्याला आणखी एक वाक्य जोडलं जातं, ‘हे आपल्या तहजीबीत बसत नाही.’

या तक्रारीत दोन गृहीतकं आहेत. एक, जुनी गोष्ट आजवर कुणी बदललेली नव्हती. दुसरं, धीट आणि शहाणी बाई आपल्या गोष्टींत कधी नव्हतीच. इतिहास तपासला तर दोन्ही टिकत नाहीत.

ग्रिम बंधूंचंच पाहा. त्यांचा कथासंग्रह 1812 मध्ये जर्मनीत निघाला. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. आईची प्रतिमा डागाळू नये म्हणून बदल झाला आणि सगळा दोष सावत्र आईच्या माथी गेला. 1857 पर्यंत या संग्रहाच्या सात आवृत्त्या निघाल्या आणि संपादकांची कात्री चालूच राहिली. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ गोष्ट म्हणतो, ती एका काळातल्या पुरुषांनी आपल्या नीतिकल्पनांनुसार घडवलेली गोष्ट आहे. तो बदल कुणाला खटकला नाही. आज बायका बदल करू लागल्या, तेव्हा मात्र परंपरेची आठवण झाली.

आता आपल्या गोष्टींकडे येऊ. ‘अलीबाबा आणि चाळीस चोर’ कुणाला माहीत नाही? ही गोष्ट हलबच्या हन्ना दियाब या सीरियन ख्रिस्ती तरुणाने 1709 मध्ये पॅरिसमध्ये अँटोनी गॅलाँ यांना ऐकवली आणि गॅलाँच्या फ्रेंच ‘अरेबियन नाइट्स’मधून ती जगभर गेली. तिच्यात अलीबाबा नेमकं काय करतो? योगायोगाने परवलीचा शब्द ऐकतो आणि सोनं घरी आणतो. बाकी सगळं काम मर्जीना नावाची दासी करते. दारावरची खडूची खूण ओळखून शेजारच्या दारांवरही तशाच खुणा ती करते. बुधल्यांत दडलेल्या सदतीस चोरांना उकळत्या तेलाने ती संपवते. पाहुणा बनून आलेल्या सरदाराला ओळखून, नाचता नाचता खंजीर चालवते तीही तीच. तरी शीर्षकात नाव अलीबाबाचं! बक्षीस म्हणून मर्जीनाला काय मिळतं? गुलामीतून सुटका आणि मालकाच्या मुलाशी लग्न.

माझी नानी दख्खनीत हीच गोष्ट सांगायची, तेव्हा ती ‘मर्जीना की कहानी’ असायची. तीसुद्धा रात्रीच. कारण ‘दिन कू कहानी बोले तो मामू रस्ता भूल जाते’, असा आमच्या घरात दंडक होता. शाळेत गेल्यावर तीच गोष्ट छापील रूपात भेटली आणि अलीबाबाची झाली. सांगणाऱ्या बायका शीर्षक बदलून मोकळ्या व्हायच्या. त्याला त्यांनी कधी स्त्रीवाद म्हटलं नाही.

‘अल्फ लैला’ची सुरुवात तर याहून बोलकी आहे. शहरजाद म्हटलं की आपल्याला पलंगावर रेललेली सुंदर राणी दिसते. ग्रंथात मात्र तिची ओळख वाचणारी मुलगी अशी आहे. तिने इतिहासाची आणि राजेरजवाड्यांच्या हकिकतींची हजार पुस्तकं जमवली होती, असं तिथे म्हटलंय. रोज एका नवरीचा जीव घेणाऱ्या राजाशी लग्न करायचं ती स्वतः ठरवते. वजीर असलेला बाप तिला अडवतो. त्यासाठी तो गाढव, बैल आणि व्यापाऱ्याची गोष्ट सांगतो, जिच्यात हट्टी बायकोला नवरा काठीने सरळ करतो. शहरजाद ऐकून घेते, पण मानत नाही. धाकटी बहीण दुनियाजाद तिच्या योजनेत सामील असते. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांनी दाखवून दिलंय की पश्चिमेकडे जाताना शहरजादची बुद्धी गळाली आणि देह तेवढा उरला.

मराठीतही या गोष्टींचा प्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ आणल्या. पुढे 1970 च्या दशकात गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी ग्रंथाचा सोळा खंडांत मराठी अनुवाद केला. इरावती कर्व्यांची लेक, महर्षी कर्व्यांची नात आणि स्वतः बंडखोर लेखिका. अख्खी शहरजाद मराठीत यायला एक बाई कामी आली, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. त्याआधी 1882 मध्येच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून बायकांना दोष देणाऱ्या पोथ्यापुराणांना आणि कथांना जाब विचारला होता. 1905 मध्ये रुकैय्या सखावत हुसैन यांनी ‘सुलतानाज् ड्रीम’मध्ये पुरुषांना जनान्याऐवजी मर्दान्यात बसवलं आणि राज्यकारभार बायकांच्या हाती दिला. ‘आपली तहजीब’ म्हणताना या बाईला का वगळायचं?

याचा अर्थ जुन्या गोष्टी स्त्रियांच्या बाजूच्या होत्या असा नाही. ‘अल्फ लैला’त बायकांच्या बेवफाईचे किस्से भरपूर आहेत आणि गुलामी तिथे सहज चालते. म्हणूनच मुलांसाठी गोष्ट पुन्हा सांगताना निवड करावीच लागते. प्रत्येक राजकन्येच्या हाती तलवार द्यायची गरज नाही. मर्जीनाचं नाव शीर्षकात आणलं, शहरजादच्या मांडीवर पुस्तक ठेवलं, आणि मुलग्यांनाही कळलं की वाचवलं जाण्यात कमीपणा नाही, तरी पुष्कळ झालं.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आमच्या औरंगाबादेत, 2021 पासून मोहल्ला बालवाचनालयांची चळवळ उभी राहिलीय. तिची सुरुवात एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने झाली. ज्या वस्त्यांत मुलींना लांब पाठवायला घरचे कचरतात, तिथे घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पुस्तकं आली. त्या फळ्यांवर कोणती परीकथा ठेवायची, हा वाद आपण जरूर घालू. पण राजासमोर बसलेल्या शहरजादच्या पाठीशी ना फौज होती, ना बाप. होती ती वाचलेली पुस्तकं आणि एक बहीण. आपल्या मुलींना निदान तेवढं तरी मिळायला हवं.