काचेआडचें चित्र

ज्युबिलीनिमित्त देवळाची डागडुजी निघाली, तेव्हां वेदीच्या डाव्या अंगास असलेलें पवित्र मरियेचें जुनें तैलचित्र खालीं उतरविण्यांत आलें आणि आम्हां मंडळींत एक वाद उभा राहिला. चित्र पुनः टांगावयाचें तें काचेआड, कीं पूर्वीप्रमाणें उघडें? आमच्या वडीलधाऱ्या बाया मिस्सा आटोपल्यावर चित्राच्या खालच्या कडेस बोटें लावून तीं ओठांस लावीत आल्या आहेत. त्यांस काच म्हणजे माता व लेकरें यांच्यामध्यें घातलेली भिंत वाटते. उलटपक्षीं, त्याच कडेचा रंग बोटांनीं झिजला आहे व वरचा भाग मेणबत्त्यांच्या काजळीनें काळवंडला आहे, हेंही सर्वांस दिसतें. मूळ चित्र एकदां गेलें म्हणजे गेलेंच. म्हणून निर्णयापूर्वीं इतरत्र हा प्रश्न कसकसा हाताळला गेला, हें पाहणें आम्हांस उचित वाटलें.

हा प्रश्न मोठमोठ्या चित्रालयांसही चुकलेला नाहीं. लंडन येथील नॅशनल गॅलरी इ. स. १८२४ मध्यें स्थापन झाली व १८३८ मध्यें ट्रॅफल्गर चौकांतील इमारतींत आली. शहरांत कोळशाचा धूर आणि आंत प्रेक्षकांची दाटी, यांमुळें चित्रांवर मळाचे थर बसूं लागले. १८५० मध्यें चित्रकार ईस्टलेक, विख्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे व विल्यम रसेल या तिघांनीं या चित्रांच्या स्थितीची पाहणी केली, व काच हा रक्षणाचा एक उपाय म्हणून पुढें आला. यांतील युक्तिवाद साधा आहे. उघडें चित्र मळलें म्हणजे तें पुसावें लागतें, आणि प्रत्येक पुसण्यांत रंगास थोडाबहुत धोका असतोच. काचेआडच्या चित्राचा मळ काचेवर बसतो, व काच कितीही वेळां पुसतां येते.

पॅरिस येथें मात्र या उपायाची थट्टा झाली. १९०७ मध्यें लूव्र संग्रहालयांतील चित्रांवर हल्ले झाले, तेव्हां उत्तम चित्रांस काचा बसविण्याचें ठरलें. रसिक संतापले. काचेंत चित्राऐवजीं आपलेंच तोंड दिसतें, अशी त्यांची तक्रार होती. रोलां दॉर्जलेस या तरुण लेखकानें तर अशा एका चित्रापुढें उभें राहून, काचेंत पाहून दाढी केली! याहून विलक्षण गोष्ट पुढें घडली. काचा बसविण्याच्या त्या कामावर व्हिन्चेन्झो पेरुज्जा नांवाचा एक इटालियन कारागीर होता. २१ ऑगस्ट १९११ रोजीं त्यानेंच लिओनार्दोचें 'मोना लिसा' हें चित्र पळविलें. चौकट व काच जिन्यावर टाकून तो नुसतें चित्र घेऊन गेला. तें १९१३ च्या डिसेंबरांत फ्लॉरेन्स येथें सांपडलें व १९१४ च्या जानेवारींत लूव्रला परतलें. काच चित्राची राखण करील, परंतु काचेची राखण माणसांनींच करावी लागते, हा धडा त्यांत होता.

तरीही लूव्रनें काच सोडली नाहीं. ३० डिसेंबर १९५६ रोजीं एका माणसानें त्याच चित्रावर दगड फेंकला. काच फुटली व डाव्या कोपराजवळील रंगाचा टवका उडाला. पुढें अधिक बळकट काच आली. मे २०२२ मध्यें एकानें त्यावर केक फांसला, तेव्हां काच पुसण्यापलीकडे कांहीं करावें लागलें नाहीं.

काचेपासून अपाय होतो काय? होतो. नॅशनल गॅलरींत लिओनार्दोचें एक मोठें रेखाचित्र आहे. त्यांत पवित्र मरिया, संत आन्ना, बाल येशू व लहानगा संत योहान बाप्तिस्ता आहेत. आठ कागद जोडून त्यांवर कोळसा व पांढरा खडू यांनीं तें रेखाटिलेलें आहे. १७ जुलै १९८७ रोजीं एका माणसानें त्यावर बंदूक झाडली. काच जाड व जोडपदरी असल्यानें छरे पार गेले नाहींत. परंतु काचेच्या फुटलेल्या कणांनीं मरियेच्या वस्त्राजवळचा कागद फाटला. तज्ज्ञांनीं बारीक बारीक तुकडे जुळवून तो पुनः सांधला. काच नसती तर तो भाग उरलाच नसता. आणि काच होती म्हणूनच कणांची इजा झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आतां श्रद्धेचा मुद्दा. मेक्सिकोंतील ग्वादालूपे मातेची प्रतिमा मानवी हातानें रंगविलेली नाहीं, असें भाविक मानतात. प्रारंभीं ती दीर्घ काळ उघडी होती. मेणबत्त्यांचा धूर व यात्रेकरूंचे हात तिला लागत. पुढें ती काचेआड गेली. १४ नोव्हेंबर १९२१ रोजीं फुलांत लपविलेला बाँब वेदीपाशीं फुटला. पितळी क्रूस वांकला, प्रतिमा मात्र सुखरूप राहिली. भाविकांनीं तो चमत्कार मानिला, आणि तरीही आज ती प्रतिमा बंदुकीच्या गोळीस दाद न देणाऱ्या काचेआड आहे. देवावर भरंवसा व हातांची खबरदारी यांत विरोध नाहीं, हें त्या भाविकांनीं कृतीनें दाखविलें आहे.

सारांश, कागदावरील चित्रास काच हवीच. त्यास दुसरें कवच नसतें. तैलचित्रावर रोगणाचा थर असतो, म्हणून कोरड्या व स्वच्छ जागीं तें उघडें ठेवितां येतें. परंतु आमच्या कोंकणांत चार महिने पाऊस, देवळांत मेणबत्त्या, आणि हाताच्या टप्प्यांत चित्र! येथें काच बसविणेंच शहाणपणाचें. मात्र ती चित्रास टेंकतां कामा नये. मध्यें पट्टी घालून अंतर ठेवावें, नाहींतर ओल कोंडून बुरशी येते व रंग काचेस चिकटतो. चित्र आधीं जाणत्या हातांकडून साफ करून पुरतें वाळूं द्यावें. चौकट भिंतीपासून बोटभर सुटी ठेवावी, म्हणजे मागून वारा खेळेल. ऊन चित्रावर येऊं देऊं नये. साध्या काचेनें उन्हाचा दाह पुरता अडत नाहीं. काच परावर्तन न करणारी व जोडपदरी घ्यावी. ती महाग आहे, परंतु फुटली तरी तिचे मोठे तुकडे सहसा सुटून पडत नाहींत.

या विचारानें आमच्या मंडळींत एकमत झालें. चित्र काचेआड जाईल, व त्याखालीं हात पोहोंचेल अशा उंचीवर त्याची एक छापील प्रत लाकडी चौकटींत राहील. बायांच्या बोटांस ती मोकळी असेल. ती झिजली तर दुसरी लावतां येईल. वरचें चित्र मात्र आमच्या नातवंडांच्या ज्युबिलीसही, आज आहे त्याच रंगांत, भेटावें, अशी आमची पवित्र मातेच्या चरणीं प्रार्थना आहे.